तीन मोडेम, चार ठोके, सहा निरोप

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सान दिएगोजवळ, पाण्याखाली कान लावून बसलेल्या माणसांना एक तडतड छळत होती. ऐकायची होती शत्रूच्या पाणबुडीची घरघर, आणि तिच्यावर ही तडतड पसरलेली. लाटांची म्हणावी तर समुद्र निवांत असतानाही ती होतीच. जहाजांची म्हणावी तर आसपास जहाज नसतानाही ती थांबत नव्हती. एका खाडीत कानठळ्या बसवणारी, आणि थोडं खोल पाण्यात गेलं की जवळजवळ नाहीशी.

कोडं सोडवलं ते एका जीवशास्त्रज्ञानं. मार्टिन जॉन्सन हे त्यांचं नाव. जिथे पाणी उथळ आणि उबदार, जिथे तळाशी खडक, शिंपले किंवा प्रवाळ, तिथेच आवाज; चिखलाच्या आणि खोल तळावर शांतता. एका विशिष्ट जातीच्या कोळंबीची वस्तीही नेमकी तिथेच असते. बोटाएवढी कोळंबी, तिचा एक चिमटा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि तो ती फटकन मिटते. अशा असंख्य कोळंब्या एकाच वेळी चिमटे वाजवत असतात. जॉन्सन आणि त्यांचे सहकारी एव्हरेस्ट व यंग यांचे निबंध 1947 आणि 1948 मध्ये छापून आले. अमेरिकेच्या पाणबुड्यांनी युद्धकाळातच या गोंगाटाचा आडोसा घेतला होता. पण आवाज चिमट्याच्या दोन पात्या आपटून होतो, हा समज मात्र आणखी अर्धशतक टिकला.

2000 साली नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातले डेटलेफ लोझे, मिशेल व्हर्स्लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला सुमारे 40 हजार चित्रं घेणारा कॅमेरा कोळंबीसमोर लावला. चिमटा मिटताना त्यातून पाण्याची एक चिळकांडी इतक्या वेगानं सुटते की तिच्यात पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो हा बुडबुडा आतल्या आत कोसळतो तेव्हा. पुढच्याच वर्षी दिसलं की कोसळताना त्यातून क्षणभर उजेडही पडतो. म्हणजे त्या सूक्ष्म जागेत तापमान 5,000 केल्विनच्या पुढे गेलेलं असतं. एवढ्याशा जिवाजवळ एवढी ताकद, आणि असे लाखो जीव. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात 2 ते 300 किलोहर्ट्झ या साऱ्या पट्ट्यावर त्यांचंच राज्य असतं. पाण्याखालून एखादा निरोप पाठवायचा, तर तो याच गोंगाटातून जाणार.

मी हे लिहितो आहे नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतमधून. इथून समुद्र गाठायला सह्याद्री उतरावा लागतो. आमच्याकडे बोलणं असतं ते टोमॅटोच्या भावाचं, कांद्याच्या आवकेचं, पालखेड धरणाच्या आवर्तनाचं, आणि गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेवर येणाऱ्या डावणी रोगाचं. तरीही ही कथा इथल्या वाचकाला परकी वाटू नये, कारण ती समजून घेण्याचं पहिलं पाऊल आमच्याच जिल्ह्यात, द्राक्षवेलींच्या मांडवाखाली टाकता येतं.

पान किती वेळ ओलं राहिलं, हवेत आर्द्रता किती, मातीत ओल किती, पहाटे तापमान कुठपर्यंत उतरलं, एवढं वेळेवर कळलं तर डावणी आणि भुरी या रोगांचा अंदाज बांधता येतो आणि फवारणी नेमक्या दिवशी करता येते. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. उदय देसाई आणि प्रा. शब्बीर मर्चंट यांच्या गटानं हे करून पाहिलं. नाशिकच्या सुला द्राक्षबागेत त्यांनी छोटे बिनतारी सेन्सर बसवले. प्रकल्पाचं नाव होतं ॲग्रीसेन्स. सेन्सरची एक डबी शेजारच्या डबीला माहिती सांगते, ती पुढच्या डबीला, असं करत निरोप बागेच्या कडेच्या मुख्य यंत्रापाशी पोचतो आणि तिथून मोबाईलच्या जाळ्यावरून मुंबईला. कोणत्या डबीनं कोणाकडे निरोप द्यायचा हे ठरवणं, याला राउटिंग म्हणतात. वाट अशी निवडायची की निरोप हरवू नये आणि कोणत्याही एका डबीची बॅटरी लवकर संपू नये. विश्वासार्हता आणि काटकसर, या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात.

बागेतलं हे जाळं ज्याला समजलं त्याला समुद्रातलं जाळं अर्धं समजलं. उरलेलं अर्धं मात्र उफराटं आहे.

बागेतली डबी रेडिओवर बोलते. पाणी, त्यातही खारं पाणी, रेडिओलहरी गिळून टाकतं. मोबाईलची लहर समुद्रात हातभरही नीट जात नाही. प्रकाशही फार दूर पोचत नाही. उरतो तो फक्त ध्वनी. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. 1826 मध्ये कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात हे मोजलं होतं. एका होडीखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी होडीवर दारू पेटवून उजेड करायचा, आणि 13 किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दुसऱ्या होडीत पाण्यात नळा बुडवून घंटेची वाट पाहायची. उत्तर आलं 1435 मीटर, आणि थंडगार गोड्या पाण्यासाठी ते आजही बरोबर धरलं जातं.

1500 मीटर हा आकडा मोठा वाटतो. पण रेडिओ सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. पिंपळगाव ते नाशिक हे तीसेक किलोमीटरचं अंतर रेडिओ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात कापेल. पाण्यातला ध्वनी घेईल वीस सेकंद. दोन लाख पटींचा फरक. बिनतारी जाळ्यांचं जे शास्त्र जमिनीवर उभं राहिलं, त्यात निरोप निघाला म्हणजे पोचलाच असं गृहीत होतं. पाण्याखाली हे गृहीतकच निखळतं.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बागेतल्या डबीवर सौर पत्रा लावता येतो. बॅटरी संपली तर माणूस चालत जाऊन बदलतो. समुद्रतळावरच्या यंत्राला ऊन नाही, आणि बॅटरी बदलायची तर जहाज न्यावं लागतं. त्यातून पाण्याखाली बोलणं महाग आणि ऐकणं स्वस्त. दूरवर ध्वनी पाठवायला मोडेमला, म्हणजे निरोपाचा ध्वनी आणि ध्वनीचा निरोप करणाऱ्या यंत्राला, कित्येक वॅट लागतात, नुसतं कान देऊन बसायला वॅटचा लहानसा अंश पुरतो. म्हणून तिथे पुन्हा पुन्हा बोलावं लागणं यासारखा नाश नाही. एक निरोप टकरीत बिघडला किंवा गोंगाटात बुडाला, तर तो परत पाठवायचा, म्हणजे आयुष्याचा तेवढा तुकडा जाळायचा.

ही सारी कोडी जिथे एकत्र भेटली ती जागा म्हणजे सिंगापूर. उथळ, गढूळ, उबदार पाणी, जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या बंदरांपैकी एक, आणि तळाशी कोळंब्यांचा अखंड कडकडाट. थंड समुद्रात नीट चालणारे मोडेम इथे अडखळत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जॉन पॉटर यांनी ध्वनिसंशोधनाची प्रयोगशाळा उभी केली होती. तिथे त्यांच्यासोबत काम करू लागले मंदार चित्रे. चित्रे यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण त्याच विद्यापीठातलं. मधली काही वर्षं दूरसंचार क्षेत्रात घालवून 2003 मध्ये ते प्रयोगशाळेत परतले आणि पुढे तिचे प्रमुख झाले.

या दोघांनी कोळंबीकडे आधी शत्रू म्हणून पाहिलंच नव्हतं. अमेरिकेत मायकेल बकिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये एक कल्पना मांडली होती: समुद्रात जो ध्वनी आधीच भरून राहिलेला आहे, तोच वस्तूंवर आपटून परतताना पकडला तर पाण्याखालचं चित्र मिळेल, स्वतः आवाज करायची गरजच नाही. पॉटर आणि चित्रे यांनी सिंगापूरच्या पाण्यात हा ध्वनी कोळंब्यांकडून घेतला. पाचशेच्या आसपास संवेदक असलेलं रोमॅनिस नावाचं यंत्र तिथे उभं राहिलं, आणि कोळंब्यांच्या कडकडाटात समोरच्या वस्तू त्याला दिसू लागल्या. गोंगाटाचा स्वभाव ज्याने इतका जवळून ओळखला, त्याला त्याच गोंगाटातून निरोप काढण्याची वाट सापडावी हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

ती वाट अशी. गोंगाटातून ओळखीचा संकेत शोधायचा तर अभियंते एक जुनं साधन वापरतात. येणारा ध्वनी आपल्याला ठाऊक असलेल्या नमुन्याशी जुळवत जायचं, गुणाकार करून बेरीज घ्यायची. बेरीज मोठी आली की संकेत सापडला. गोंगाट जर सौम्य, सगळीकडे सारखा पसरलेला असेल, तर यापेक्षा चांगलं साधन असूच शकत नाही, हे गणितानं सिद्ध आहे. कोळंब्यांचा गोंगाट तसा नसतो. बराच वेळ लहानसहान, आणि मधेच एखादा प्रचंड फटका. तो एक फटका साऱ्या बेरजेला बुडवतो.

2006 मध्ये चित्रे, पॉटर आणि सिम हेंग ओंग यांनी दाखवलं की या गोंगाटाला गणिताचं एक वेगळं कुटुंब अचूक बसतं, ज्यात टोकाचे फटके अपवाद नसून नियमच असतात. त्या गणितावर उभं केलेलं सर्वोत्तम साधन अवघड होतं, लहान यंत्राला न पेलणारं. पण त्याच निबंधात आणखी एक निकाल होता, आणि तो वाचला तेव्हा मी थांबलो. आवाज किती मोठा हे पार विसरून जा. त्या क्षणी पाण्याचा दाब वर गेला की खाली, अधिक की उणे, एवढंच ठेवा आणि मग नमुन्याशी जुळवा. एवढी माहिती फेकून दिल्यावर काम बिघडायला हवं. ते सुधारलं. हे साधं साधन कोळंब्यांच्या पाण्यात जुन्या साधनापेक्षा सरस ठरलं आणि त्या अवघड, सर्वोत्तम साधनाच्या थोडंच मागे राहिलं. कारण उघड आहे: कोळंबीचा फटका कितीही प्रचंड असो, चिन्हांच्या जगात त्याचं वजन एकच. हजार पट मोठ्या आवाजालाही एकच मत.

गोंगाटात नीट ऐकता आलं की ओरडून बोलावं लागत नाही आणि पुन्हा बोलावं लागत नाही. पाण्याखालची बॅटरीची बचत अशी ऐकण्यापासून सुरू होते.

मग प्रश्न वाटेचा. निरोप तळावरून वर, पाण्याच्या पृष्ठभागावरच्या बोयापर्यंत न्यायचा, पण मधल्या यंत्रांना आपण कुठे आहोत हेच ठाऊक नसतं. जीपीएस पाण्याखाली चालत नाही आणि प्रवाहाबरोबर यंत्रं सरकत राहतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले हाय यान, झिजी शी आणि जुन-होंग कुई यांनी 2008 मध्ये यावर जी तोड सुचवली ती ऐकायला इतकी साधी आहे की आधी कोणाला का सुचली नाही असं वाटतं. जागा कळत नसेल, पण खोली तर कळते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण वाढतो. दाब मोजणारा सेन्सर स्वस्त असतो. निरोप पाठवणाऱ्याने त्यावर स्वतःची खोली लिहायची. ज्याने ऐकलं त्याने आपली खोली पाहायची. आपण अधिक वर असू तरच पुढे पाठवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. अनेक जण वर असतील तर? प्रत्येकाने थोडं थांबायचं. जो जास्त वर, तो कमी थांबेल. तेवढ्यात तोच निरोप आपल्यापेक्षा वरच्या कोणी पुढे पाठवल्याचं ऐकू आलं, तर आपण गप्प राहायचं. नकाशा नाही, वाटांची यादी नाही, आणि निरोप आपोआप वर चढत जातो. योगायोग असा की हा निबंध ज्या परिषदेत वाचला गेला ती सिंगापुरातच भरली होती.

या युक्तीत दोन उणिवा राहिल्या. वरच्या थरातली ठरावीक यंत्रंच पुन्हा पुन्हा वापरली जातात आणि आधी मरतात. म्हणून पुढच्यांनी खोलीबरोबर उरलेली बॅटरीही हिशेबात घेतली. आणि एखाद्या यंत्राच्या वर कोणीच नसेल तर निरोप तिथेच अडतो; त्यावर थोडं खाली जाऊन वळसा घालण्याच्या पद्धती निघाल्या. तेव्हापासून अशा पद्धतींचा पूर आला आहे. माझं स्पष्ट मत सांगतो: त्यातल्या बहुतेक संगणकातल्या समुद्रात जन्मल्या आणि तिथेच राहिल्या. खरं पाणी ज्यांनी चाखलं अशा थोड्या.

आता कथेचा गाभा. गोंगाटावर तोडगा निघाला, वाटेवरही निघाला. उशीर मात्र सगळेच सोसत होते. जमिनीवरच्या पद्धतीत टक्कर टाळायची तर पाळी लावतात: आता तू बोल, मग मी. पाण्याखाली हीच पाळी लावली तर एकाचं बोलणं संपून सगळ्यांपर्यंत पोचेतो बाकीच्यांनी मुकाट बसायचं. पाळीचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. पाण्याखालचं जाळं जमिनीवरच्यापेक्षा मंद असणारच, आपण फक्त ते किती कमी मंद करता येईल ते पाहू, असं साऱ्यांनी धरलं होतं.

चित्रे, मेहुल मोटानी आणि शिराझ शहाबुद्दीन यांनी हे धरून चालायचं नाकारलं. विचार करा, पिंपळगावहून नाशिककडे एक टेम्पो निघाला आहे आणि त्याला पाऊण तास लागणार आहे. तो पोचेपर्यंत आग्रा रोडवर दुसरं वाहनच सोडायचं नाही, असं कोणी करत नाही. टेम्पो वाटेत असताना मागून दुसरा निघतो, समोरून तिसरा येतो. वेळ लागतो म्हणूनच रस्त्यावर एकाच वेळी अनेक जण मावतात. रेडिओच्या जगात निरोप निघताक्षणी साऱ्यांच्या कानात असतो, म्हणून तिथे एका वेळी एकच. पाण्यात निरोप बराच काळ वाटेतच असतो. मग त्या काळात दुसरा का निघू नये?

कागद-पेन्सिल घ्या. अ, ब आणि क हे तीन मोडेम, एकमेकांपासून प्रत्येकी 750 मीटरवर, समभुज त्रिकोणात. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला अर्धा सेकंद. प्रत्येक निरोपही अर्ध्या सेकंदाचा ठेवू आणि त्या अर्ध्या सेकंदाला ठोका म्हणू. पहिल्या ठोक्यात बोललेलं दुसऱ्या ठोक्यात ऐकू येतं. नियम दोन: बोलत असताना कोणी ऐकू शकत नाही, आणि दोन आवाज एकदम कानी आले तर दोन्ही बिघडतात.

पहिल्या ठोक्यात अ आणि ब एकदम बोलतात, एकमेकांशी. दुसऱ्या ठोक्यात अ ला ब चा निरोप मिळतो, ब ला अ चा. क च्या जागी हे दोन्ही आवाज एकदम येऊन धडकतात. पण क नेमका त्याच ठोक्यात स्वतः अ शी बोलत असतो, त्यामुळे ती टक्कर त्याला लागतच नाही. तिसऱ्या ठोक्यात क चं बोलणं अ ला मिळतं, आणि त्याच ठोक्यात ब आणि क एकमेकांशी बोलतात. चौथ्या ठोक्यात ब आणि क ला एकमेकांचे निरोप मिळतात. टक्कर होते ती अ च्या जागी, आणि तेव्हा अ बोलत असतो, क शी. हा शेवटचा निरोप पुढच्या पहिल्या ठोक्यात क ला मिळतो, कारण त्या ठोक्यात क गप्प आहे. पुन्हा तेच चक्र.

मोजा. चार ठोक्यांत सहा निरोप पोचले, एकही बिघडला नाही, एकही मोडेम क्षणभर रिकामा बसला नाही. हेच तीन मोडेम हवेत, रेडिओवर असते, तर चार ठोक्यांत फार तर चार निरोप गेले असते. ज्या उशिरापायी पाण्याखालचं जाळं लंगडं मानलं होतं, त्याच उशिरामुळे ते जमिनीवरच्या जाळ्याच्या दीडपट पुढे गेलं.

टकरी झाल्याच. पण प्रत्येक टक्कर अशा जागी आणि अशा क्षणी ढकलली गेली, जिथे ती ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

यापेक्षा जास्त जमेल का? याचं उत्तर शाळेतल्या मुलालाही पटेल इतकं स्वच्छ आहे. प्रत्येक निरोपाला बोलणाऱ्याचा एक ठोका लागतो आणि ऐकणाऱ्याचा एक. एका ठोक्यात प्रत्येक मोडेम या दोहोंपैकी एकच काम करू शकतो. म्हणजे मोडेम जितके, त्याच्या निम्म्याहून जास्त निरोप एका ठोक्याला सरासरीनं पोचूच शकत नाहीत. तिघांना दीड, चौघांना दोन, वीस जणांना दहा. रेडिओच्या जगात सगळे एकमेकांच्या टप्प्यात असतील तर वीस काय नि दोनशे काय, एका ठोक्याला एकच. प्रत्येक मांडणीला ही कमाल गाठता येत नाही. अंतरं जुळून यावी लागतात आणि घड्याळं नेमकी चालावी लागतात. पण मर्यादा तिथे आहे, आणि ती आपल्याला वाटत होती त्याच्या कितीतरी वर आहे. या तिघांचा निबंध 2012 मध्ये समुद्रविषयक अभियांत्रिकीच्या नियतकालिकात आला. 2016 मध्ये प्रसाद अंजंगी आणि चित्रे यांनी प्रत्यक्ष मोडेम वापरून हे तंत्र करून दाखवलं. संगणकातला समुद्र तिथे मागे पडला, म्हणून मला हा शोध बाकीच्या पुरापेक्षा वेगळा वाटतो.

याच गटातून युनेटस्टॅक नावाची संगणकप्रणाली निघाली. तिच्यात लिहिलेली पद्धत आधी घरच्या संगणकावर तपासायची आणि मग तीच, शब्द न बदलता, खऱ्या मोडेमवर चढवायची. तिची एक आवृत्ती विद्यार्थ्यांना मोफत मिळते. इकडे जॉन पॉटर इटलीतल्या नाटोच्या समुद्र संशोधन केंद्रात गेले आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोडेमना एकमेकांशी बोलता यावं म्हणून जेनस नावाची भाषा घडवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. 2017 मध्ये ती पाण्याखालच्या संगणकीय संवादाचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक ठरली.

हे सारं कशासाठी, असं विचारणाऱ्यानं 26 डिसेंबर 2004 ची सकाळ आठवावी. त्या त्सुनामीनंतर भारतानं हैदराबादला इशारा केंद्र उभारलं. ते 15 ऑक्टोबर 2007 ला सुरू झालं. त्याचे खोल समुद्रातले कान म्हणजे तळावर ठेवलेले दाबमापक. वरून लाट गेली की तळावरचा दाब किंचित बदलतो. ती नोंद ध्वनीच्या मोडेमवरून हजारो मीटर वर बोयाकडे जाते आणि तिथून उपग्रहामार्फत किनाऱ्यावर. तो एक निरोप हरवून चालत नाही. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाजवळच्या पाण्यातले आवाज टिपून अभ्यासले आहेत, आणि माया हे पाण्याखाली स्वतःहून फिरणारं यानही त्याच संस्थेनं बनवलं. म्हणजे कोकणपट्टीच्या पाण्याला कान लावणारी माणसं आपल्याकडे आहेत.

आणि पाणी फक्त समुद्रातच असतं असं थोडंच आहे? नाशिक जिल्हा धरणांचा. गंगापूर, दारणा, पालखेड, करंजवण, वाघाड. यांच्या पाण्यावर बागा, गावं आणि शहरं जगतात, आणि तळाशी गाळ साचत जातो. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे इतका गाळ साठला की त्यातून पाणथळ जागा तयार झाली, तिथे पक्षी आले, आणि 2020 मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. पक्ष्यांचं भलं झालं, पण प्रत्येक धरणाच्या पोटात काय चाललंय ते वर्षभर, थराथरानं कळायला हवं: तापमान, प्राणवायू, गढूळपणा, गाळाची पातळी. धरणाच्या पाण्यात कोळंब्यांचा कडकडाट नाही. अडचण आहे ती काठांवरून आणि तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनींची. ध्वनीचा वेग मात्र तिथेही जवळपास तोच, 1500 मीटर. तोच त्रिकोण, तेच चार ठोके.

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात, आणि त्यांत सेन्सरचे प्रकल्प असतात. त्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: युनेटस्टॅकची मोफत आवृत्ती उतरवून घ्या, वरचं वेळापत्रक त्यात चालवून पाहा, मग तीनाच्या जागी चार मोडेम ठेवून स्वतःचं वेळापत्रक शोधा. आणि जलसंपदा खात्यातल्या अधिकाऱ्यांना विनंती आहे: ही मुलं एक होडी आणि तीन मोडेम घेऊन पालखेडच्या काठावर आली, तर त्यांना पाण्यात उतरायची परवानगी द्या.